‘आपलंच पोट्टं हाये’ म्हणून नोकरी देण्याआधी: गावाकडच्या युनिटसाठी माणसं निवडायची पद्धत

डाळ मिलला काटेवाला लागतो, शेतकरी उत्पादक कंपनीला हिशेबनीस लागतो, जिनिंगला हंगामापुरता सुपरवायझर लागतो. विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत अशी जागा निघाल्याची बातमी बाहेर पडायच्या आतच ती भरलेली असते. मालकाच्या साळ्याचा मुलगा, अध्यक्षांच्या भावकीतला कोणी, नाहीतर जुन्या मुनिमाचा जावई. कोणीतरी म्हणतं, "भाऊ, पोट्टं आपलंच हाये, भरोशाचं हाये," आणि विषय तिथेच संपतो.

असं करणारा माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाही. त्याला रोख सांभाळणारा माणूस हवा असतो आणि ओळखीच्या घरातला माणूस पळून जाणार नाही एवढं त्याला ठाऊक असतं. पण या रीतीमुळे काही घरांपर्यंत नोकरीची बातमी कधीच पोचत नाही. बौद्धपुऱ्यातला बी.कॉम. झालेला मुलगा, तांड्यावरची बारावी पास मुलगी, कोलाम आदिवासींच्या पोडावरचा (वस्तीवरचा) आयटीआय केलेला पोरगा हे सगळे त्याच मिलमध्ये पोते उचलायला चालतात, खुर्चीवर मात्र दिसत नाहीत. हा अन्याय आहे आणि तो थांबवता येतो. हा लेख दहा ते साठ माणसांचं युनिट चालवणाऱ्यांसाठी आहे: डाळ मिल, जिनिंग, संत्रा पॅकिंग, भात गिरणी, उत्पादक कंपनी, पतसंस्था.

"आपण जातपात मानत नाही" एवढं म्हणून भागत नाही. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रं आवडली, एवढंच निमित्त सांगून मुलांचे दोन गट पाडले. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, आणि दुसऱ्या गटापेक्षा आपण वरचढ राहावं म्हणून आपल्याच गटाचा थोडा फायदाही सोडला. तिथे नातं नव्हतं, जात नव्हती, जुनं वैर नव्हतं. आपल्याकडे हे सगळं आहे, शिवाय ग्रामपंचायतीची निवडणूकही आहे. त्यामुळे चांगल्या मनावर विसंबू नका, पद्धत बसवा.

पायरी १: आहेत ती माणसं कागदावर मांडा

एक कोरा कागद घ्या. प्रत्येक कामगाराचं नाव, गाव, काम आणि तो कोणाच्या ओळखीने आला एवढंच लिहा. जात विचारू नका, लिहूही नका. असली यादी हाताबाहेर गेली तर गावात नको ते होतं. "कोणाच्या ओळखीने" हा रकाना पुरेसा बोलतो. बाण काढत गेलात की बावीसपैकी चौदा माणसं दोनच घरांतून उगवलेली दिसतील, असं सहज होऊ शकतं.

मग वेगळ्या रंगाने खूण करा: रोकड कोणाकडे, गोदामाची किल्ली कोणाकडे, काटा कोणाकडे, कॉम्प्युटर कोणाकडे, आणि उन्हात उभं राहून गाडी खाली करणारे कोण. तुमच्याकडे सगळ्या समाजाची माणसं असतीलही, पण किल्ली, काटा आणि कॉम्प्युटर एकाच गोतावळ्यात फिरत असतील तर तुमचा प्रश्न तिथे आहे. बायकांचंही बघा. माल निवडायला बायका आणि मशीनवर पुरुष ही वाटणी इतकी मुरलेली असते की ती कोणी ठरवली हे कोणालाच सांगता येत नाही. काम झालं की कागद फाडून टाका.

पायरी २: भरोसा म्हणजे नेमकं काय हवं, ते सुटं करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण खरं कुलूप इथेच आहे. मालकाला "भरोशाचा माणूस" हवा असतो तेव्हा त्याला एकाच दमात चार गोष्टी हव्या असतात. पैशाला हात लावणार नाही. रोज वेळेवर येईल, पोळ्याला आणि लग्नसराईत दांडी मारणार नाही. काम येतं किंवा पटकन शिकेल. आणि शिकून झाल्यावर शेजारच्या मिलमध्ये जाणार नाही.

यातलं सोयरेपणामुळे खरोखर काय मिळतं? पैशाचा धाक थोडा मिळतो, कारण गडबड झाली तर मामाच्या दारात जाता येतं. बाकी तीन गोष्टी मिळत नाहीत. हजेरीच्या बाबतीत तर उलटंच घडतं. ज्या लग्नाला मालक जातो त्याच लग्नाला त्याचा भाचाही जातो आणि त्या दिवशी काटा बंद राहतो. कामात कच्चा निघाला तर त्याला काढता येत नाही, कारण रात्री घरी बहिणीचा फोन येतो. मग त्याच्या हाताखाली दुसरा माणूस ठेवून त्याचं काम करून घ्यावं लागतं. असे दोन-दोन पगार चाललेले मी बऱ्याच ठिकाणी पाहिले आहेत.

ओळखीचा फायदा खोटा नाही, हेही मान्य करू. रेचल हीथ या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी बांगलादेशातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे ओळखीने माणूस घेतला की ओळख देणारा जणू जामीन राहतो. नवा माणूस नीट काम करत नसेल तर त्याचा फटका जुन्यालाही बसतो, म्हणून नवा सांभाळून वागतो. म्हणजे ओळख जामिनाचं काम करते. पण त्यासाठी जामीनदाराला खरंच झळ बसायला हवी, आणि आपल्याकडे मालकाच्या साळ्याला कसली झळ बसते?

म्हणून या चार गरजा वेगवेगळ्या भागवा. पैशासाठी नातं नव्हे, नियम लावा: रोकड मोजणारा आणि रोजकीर्द लिहिणारा वेगळा, दोन सह्यांशिवाय पैसे बाहेर नाहीत, शेतकऱ्याला रक्कम शक्यतो थेट खात्यात, आणि संध्याकाळी मोजणी दोघांसमोर. हे नियम असतील तर तिजोरीपाशी कोणत्याही घरातला माणूस बसू शकतो. नसतील तर सख्खा भाऊही बसवू नका. हजेरीसाठी आधीच्या मालकाला फोन करा आणि नेमकं विचारा: "सोयाबीनच्या हंगामात किती दिवस गैरहजर होता?" कामासाठी चाचणी घ्या, ती पुढे सांगतो. माणूस टिकावा यासाठी पगार वेळेवर द्या, आणि हंगाम संपल्यावर काय, हे आधीच सांगा.

ओळखीने माणसं आणायचीच असतील तर बक्षीस कामाशी जोडा. लोरी बीमन आणि जेरेमी मॅग्रूडर यांनी कोलकात्यात केलेला प्रयोग २०१२ मध्ये छापून आला. माणूस आणल्याबद्दल ठरावीक रक्कम दिली तेव्हा लोकांनी नातेवाईक आणले. आणलेल्या माणसाच्या कामगिरीवर रक्कम ठरणार असं सांगितलं तेव्हा नातेवाईक कमी झाले आणि सोबत काम केलेले लोक वाढले. तुमच्याकडे हे असं करता येईल: ओळख देणाऱ्याला हजार रुपये, त्यातले दोनशे रुजू झाल्यावर आणि आठशे तीन महिन्यांनी, नवा माणूस हजेरीत आणि कामात उतरला तरच. आणि आणलेला माणूसही बाकीच्यांसारखाच चाचणीतून जाईल.

पायरी ३: माणूस डोळ्यासमोर आणण्याआधी काम लिहा

जागा निघाली की आधी कोणाचा तरी चेहरा डोळ्यासमोर येतो आणि मग अटी त्या चेहऱ्याच्या मापाने शिवल्या जातात. म्हणून आधी कागद. एका बाजूला पहिल्या दिवशी आलंच पाहिजे असं काम, दुसऱ्या बाजूला पंधरा दिवसांत शिकवता येईल असं काम. काटेवाल्याला पहिल्या दिवशी काय यायला हवं? वजन वाचणं, बारदाना वजा करणं, पावती चुकता न लिहिणं, शेतकऱ्याशी नीट बोलणं. टॅली शिकवता येते. मॉइश्चर मीटर, म्हणजे मालातला ओलावा मोजायचं यंत्र, तर तासाभरात शिकवता येतो.

आता प्रत्येक अट उलटून बघा. "स्वतःची मोटारसायकल पाहिजे" असं लिहिलं की बायका आणि भूमिहीन घरांतली मुलं जाहिरात वाचूनच मागे सरतात. काम जर गोदामातच असेल तर गाडी कशाला? "स्थानिकास प्राधान्य" म्हणजे तालुका की तुमचंच गाव? "अनुभव आवश्यक" म्हटलं की ज्यांना आजवर कोणी खुर्चीवर बसवलं नाही ते कायमचे बाहेर. सकाळी आठला हजर राहायचं असेल तर आजूबाजूच्या गावांतून पहिली एसटी कधी येते ते बघा. साडेआठची वेळ ठेवल्याने चार गावं तुमच्या टप्प्यात येत असतील तर साडेआठ ठेवा.

उत्पादक कंपन्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. कंपनी कायद्याच्या कलम ३७८-डब्ल्यू प्रमाणे पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो आणि तो सभासदांबाहेरचा असावा लागतो. सभासदांचं हित आणि रोजचा कारभार वेगळा राहावा यासाठी ही तरतूद आहे. प्रत्यक्षात मात्र सभासद चालत नाही म्हणून संचालकाचा भाचा बसतो. कायद्याचं अक्षर पाळलं जातं आणि हेतू बुडतो. दहा हजार उत्पादक कंपन्यांच्या केंद्रीय योजनेत तीन वर्षांसाठी अठरा लाख रुपयांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो. त्या पैशातून भाच्याला पगार दिला तर चौथ्या वर्षी अनुदान संपल्यावर कंपनी चालवणारं कोणीच उरत नाही.

पायरी ४: बातमी जिथे पोचत नाही तिथे पोचवा

स्वतःच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात टाकली म्हणजे जाहिरात झाली असं होत नाही. तो ग्रुप तुमच्याच माणसांचा आहे. छापील कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, आपले सरकार सेवा केंद्रात द्या, आयटीआयमध्ये द्या, बुद्ध विहारात, मशिदीजवळच्या किराणा दुकानात, तांड्याच्या नायकाकडे, पोडावरच्या अंगणवाडी ताईकडे द्या. ‘उमेद’च्या ग्रामसंघाच्या (गावातल्या बचत गटांच्या संघाच्या) बैठकीत दहा मिनिटं मागा. बायकांपर्यंत पोचायला याहून सरळ रस्ता नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी भोंगा फिरवायला फार पैसे लागत नाहीत.

कागदावर चार गोष्टी ठळक असाव्यात: काम काय, पगार किती, अर्ज कधीपर्यंत, निवड कशी होणार. पगार छापायला लोक कचरतात. पण आकडा नसला की "हे आपल्यासाठी नसेल" असं ज्यांना वाटतं ते तुमच्या ओळखीबाहेरचेच असतात. "ओळखीची गरज नाही, सर्वांची एकच चाचणी होईल" हे वाक्य मोठ्या अक्षरात टाका. मुदत किमान दोन आठवडे ठेवा. पेरणीचे आणि कापूस वेचणीचे दिवस टाळा, नाहीतर मजुरी बुडवून येणं ज्यांना परवडतं तेच येतील.

पायरी ५: अर्ज चाळताना नाव झाका

अमरावती जिल्ह्यातलेच अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटेवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, फरक फक्त नावात. दलित आडनावाच्या अर्जाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जाच्या दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला साधारण एक तृतीयांश. या खासगी कंपन्या होत्या, त्यांनी उमेदवाराचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. आडनाव वाचलं तेवढंच.

म्हणून अर्ज येताच एकाच माणसाने त्यावर क्रमांक टाकावा आणि नाव, फोटो, वडिलांचं नाव, पत्ता असलेला भाग कागद चिकटवून झाकावा. चाळणारे दोघे वेगळे असावेत. त्यांच्या हाती शिक्षण, कामाचा अनुभव आणि दोन छोट्या प्रश्नांची उत्तरं एवढंच पडावं. छोट्या गावात अक्षरावरूनही माणूस ओळखू येतो, त्यामुळे हा आडोसा पातळ आहे. तरी तो वापरा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. खरी भिस्त पुढच्या पायरीवर. जागा कमी पगाराची असेल आणि अर्ज पंधरा-वीसच असतील तर चाळूच नका, सगळ्यांना चाचणीला बोलवा.

पायरी ६: काम करून दाखवायला सांगा

मुलाखतीत छान बोलणारा आणि कामात छान असणारा हे दोन वेगळे लोक असू शकतात. मोकळ्या गप्पांतून तर आपल्यासारखंच बोलणारा माणूस आवडतो, त्याच कॉलेजचा, त्याच बोलीचा. कामाची चाचणी तसं होऊ देत नाही. काटा आणि ग्रेडिंगच्या जागेसाठी सोयाबीनची चाचणी कशी घ्यायची ते तपशिलात सांगतो. तुमच्या कामाप्रमाणे ती बदलून घ्या.

टेबलावर पाच ट्रे ठेवा. पहिल्यात वाळलेला स्वच्छ माल. दुसऱ्यात वाळलेला, पण माती-खडा जास्त. तिसऱ्यात दिसायला चकचकीत पण ओला. चौथ्यात फुटका आणि सुरकुतलेला दाणा. पाचव्यात नव्या मालात गेल्या वर्षीचा जुना मिसळलेला. मीटर द्यायचा नाही. डोळा, हात आणि दात वापरून उमेदवाराने प्रत्येक ट्रेबद्दल एक ओळ लिहायची आणि चांगल्यापासून वाईटापर्यंत क्रम लावायचा. तिसरा ट्रे फसवा आहे. नुसतं डोळ्याने बघणारा त्याला पहिला नंबर देतो. घरी वर्षानुवर्षं धान्य वाळवणाऱ्या-पाखडणाऱ्या बाया दाणा दाताखाली धरून लगेच सांगतात की हा ओला आहे. अनुभवाच्या रकान्यात "गृहिणी" लिहिलेल्या उमेदवारातलं हे कसब कागदावर कधीच दिसलं नसतं. मग मीटर हातात द्या, एकदा वापरून दाखवा आणि त्याच ट्रेचे तीन वेळा माप घ्यायला सांगा. बारा टक्के ओलाव्याची मर्यादा समजावून सांगा आणि कुठला माल घ्यायचा, कुठला वाळवून आणायला सांगायचा ते विचारा. इथे तुम्ही शिकण्याचा वेग मोजता आहात.

दुसरा भाग हिशेबाचा. ३७ कट्टे, एकूण वजन १८ क्विंटल ७२ किलो, रिकामा कट्टा ६०० ग्रॅमचा, भाव क्विंटलला ४,३५० रुपये. निव्वळ वजन किती आणि शेतकऱ्याला किती द्यायचे? उत्तर १८ क्विंटल ४९ किलो ८०० ग्रॅम आणि ८०,४६६ रुपये ३० पैसे. कॅल्क्युलेटर चालेल. उत्तराइतकीच पावती बघा: खाडाखोड आहे का, बारदाना वेगळा दाखवला का, शेतकऱ्याला वाचता येईल असं लिहिलं का.

तिसरा भाग बोलण्याचा. निवड समितीतला एकजण शेतकरी होतो आणि चढ्या आवाजात म्हणतो, "तीस किलोमीटरवरून गाडी आणली न् आता माल ओला म्हणता? काहून बाप्पा?" उमेदवार काय करतो? नियम पाठ म्हणून दाखवतो, की त्या माणसाला मीटर दाखवून समजावतो, आणि माल वाळवायला अंगण मोकळं आहे का ते विचारतो? यात प्रमाण मराठी, वऱ्हाडी, झाडीबोली की गोरमाटी (बंजारा बोलीच्या) वळणाचं मराठी याला गुण नाहीत. शेतकऱ्याला कळलं का, याला गुण आहेत.

तिन्ही भाग सगळ्यांना सारखेच, वेळ सारखाच. चाचणी अर्ध्या दिवसाची असेल तर त्या वेळेची मजुरी द्या. ती देणं योग्यही आहे, आणि मजुरी पाडून येणं परवडत नाही म्हणून चांगला माणूस गळतही नाही.

पायरी ७: मुलाखत, पण बांधीव

समितीत तिघे असावेत. त्यातला एक युनिटबाहेरचा, उदाहरणार्थ आयटीआयचे निदेशक, बँकेतले कोणी, कृषी विज्ञान केंद्रातले कोणी. एक तरी बाई असावी आणि तिच्या गुणांना बाकीच्यांइतकंच वजन असावं. ती चहापुरती बसलेली नसावी. उमेदवार नात्यातला, भावकीतला किंवा सावकारी-देण्याघेण्यातला असेल तर त्या सदस्याने त्या उमेदवारापुरतं खोलीबाहेर जायचं, आणि हे वहीत लिहायचं.

प्रश्न पाच, सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. गुण देण्याचा आधार आधीच लिहून ठेवा. उदाहरणार्थ, "काट्यावर शेतकरी आणि हमाल यांच्यात वजनावरून वाद झाला तर?" मालकाला बोलावतो एवढंच म्हटलं तर एक गुण. पुन्हा वजन करतो म्हटलं तर तीन. काटा दोघांसमोर शून्यावर आणतो, पुन्हा वजन करतो आणि वहीत दोघांची सही घेतो असं सांगितलं तर पाच. प्रत्येकाने आपले गुण बोलण्याआधी लिहायचे. अध्यक्षांनी आधी तोंड उघडलं की बाकीच्यांचे आकडे आपोआप तिकडे सरकतात, म्हणून अध्यक्ष शेवटी बोलतील.

काही प्रश्न विचारायचेच नाहीत. "कोनाचा रे तू?" "आडनाव काय म्हटलंस?" "कोणत्या पुऱ्यात घर?" "लग्न झालं का, लेकरंबाळं?" "घरचे येऊ देतील का?" यातल्या प्रत्येकामागे खरी गरज असेल तर ती सरळ विचारा, आणि पुरुषालाही तेच विचारा: "हंगामात संध्याकाळी सातपर्यंत थांबावं लागतं, जमेल का, आणि जाण्या-येण्याची सोय काय लागेल?"

हे फक्त चांगुलपणाचं नाही, कायद्याचंही आहे. वेतन संहिता, २०१९ नुसार सारख्या कामासाठी भरती करताना स्त्री-पुरुष भेद करता येत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने, या समाजांतल्या व्यक्तीला व्यवसाय किंवा नोकरी करण्यापासून अडवण्याचाही समावेश झाला आहे.

फोन येतील, तेव्हा

जागा जाहीर झाली की फोन सुरू होतात. सरपंच, जिल्हा परिषद सदस्य, मोठे अडते, आणि सगळ्यात अवघड म्हणजे सासरे. नाही म्हणू नका आणि हो तर मुळीच म्हणू नका. एकच उत्तर ठरवा आणि ते सगळ्या संचालकांनी सारखं द्यावं: "मामाजी, पोराला अर्ज भराले सांगा, रविवारी चाचणी हाये. गुणांत आला तर मले आनंदच हाये." मानही राहतो, दारही उघडं राहतं. निवड झाल्यावर क्रमांकानुसार गुणांची यादी फलकावर लावणार हे आधीच सांगून टाकलं असेल तर निम्मे फोन येतच नाहीत. यादी लागणार असेल तर दबाव टाकणाऱ्यालाही आपलं पोरगं कितव्या नंबरावर दिसेल याची काळजी असते.

पायरी ८: माणूस आत आल्यावर

निवड नीट झाली आणि माणूस सहा महिन्यांत सोडून गेला, तर बहुतेक वेळा कारण आत असतं. डबा खाताना कोण कोणाजवळ बसतं? पाण्याच्या माठातून सगळे घेतात का, की कोणासाठी तरी ग्लास वेगळा आहे? हाक मारताना एकाला "भाऊ" आणि दुसऱ्याला नुसतं नाव, की त्याच्या समाजाचं नाव? हे मालकाने स्वतः बघायचं आणि पहिल्याच दिवशी थांबवायचं. मालक स्वतः त्याच माठाचं पाणी पिऊन सगळ्यांसोबत डबा खायला बसला की बरंच काम न बोलता होतं. वेगळा ग्लास दिसला तर मात्र बोला, सगळ्यांसमोर बोला.

शक्य असेल तिथे वेगळ्या समाजाची किंवा बाई म्हणून एकच व्यक्ती घेऊ नका, दोघं तरी घ्या. एकटीची चूक तिच्या सगळ्या समाजाची ठरते आणि एकटीचं यश अपवाद ठरतं. बायका येणार असतील तर कडी लागणारं स्वच्छतागृह रुजू होण्याआधी तयार हवं. दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागतेच.

टीम कशी पाडायची? गावागावाच्या किंवा समाजासमाजाच्या तुकड्या करून त्यांच्यात चढाओढ लावू नका, काम कितीही भराभर निघत असलं तरी. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशच्या खेड्यांत वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट लीग भरवल्या. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच संघात मिळून खेळलेल्यांमध्ये जातीपलीकडची मैत्री वाढली. समोरासमोर विरुद्ध खेळल्याचा परिणाम मात्र उलट दिसला. जिनिंगमध्ये याचा अर्थ सरळ आहे: एका पाळीत सगळ्या गावांची माणसं मिसळा, आणि बोनस पूर्ण पाळीच्या गाठींवर द्या. किल्ली आणि काटा ठरावीक काळाने फिरवा. नव्या माणसाला शिकवायची जबाबदारी त्याच्या गोतावळ्याबाहेरच्या जुन्या कामगाराकडे द्या आणि शिकवण्याचे वेगळे पैसे द्या.

आधीच बसलेले सोयरे

त्यांना काढून टाका असं मी सांगणार नाही. त्यांतले अनेक जण मेहनती असतात आणि त्यांच्या घरी त्या पगारावर चूल पेटते. तीन नियम मात्र आजपासून लावा. नातेवाईकाने नातेवाईकाचं काम तपासायचं नाही आणि त्याची हजेरीही मांडायची नाही. काटा आणि रोकड एकाच घरात नको. आणि नव्या माणसासाठी केलेला गुणांचा कागद वर्षातून एकदा जुन्यांनाही लागू करायचा, मालकाच्या भाच्यासकट. ज्याला काम जमत नाही त्याला शिकवा, जमेल त्या जागी हलवा. हलवायचं असेल तर ते घरी नाही, युनिटमध्ये आणि कागद समोर ठेवून बोला. बहिणीचा फोन आलाच तर तोच कागद तिलाही दाखवता येतो.

ज्यांची निवड झाली नाही त्यांचं काय करायचं

प्रत्येकाला फोन करा. गुण सांगा, कुठे कमी पडलं ते सांगा. "हिशेबात पूर्ण गुण होते, ओला माल ओळखता आला नाही" एवढं ऐकलेला मुलगा पुढच्या वेळी तयारी करून येतो, आणि इथे खरंच चाचणी होते ही बातमी त्याच्या वस्तीत तोच घेऊन जातो. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या लोकांची यादी जपून ठेवा. दिवाळीच्या सुमारास कापूस येऊ लागला की हंगामी माणसं लागतातच. तेव्हा घरी विचारण्याआधी पहिला फोन या यादीतल्या नंबरांवर लावा.